दोन वर्षांचे गुरुवार

अर्वेला पडली म्हणून तिचा खुबा मोडला, असं गावभर झालं. साफ खोटं. खुबा आधी मोडला, मग ती पडली. ओव्हनमधून मक्याच्या पावाचा जड बिडाचा तवा काढला, टेबलाकडे वळली, आणि वळता वळता आत कुठेतरी वाळकी काटकी मोडल्यासारखं वाजलं. "मला वाटलं, खुर्चीचा पाय गेला," ती नंतर येईल-जाईल त्याला सांगायची. "बघते तर माझाच!" तीस वर्षं शाळेची बस डोंगरातल्या बर्फावरून हाकलेली बाई. एका पोराला कधी खरचटलं नाही. आणि आपल्याच स्वयंपाकघरात, कोरड्या ठणठणीत फरशीवर, चौसष्टाव्या वर्षी ती आडवी झाली.

धाकटी बहीण ग्लेना तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या ताटल्यांत घेवडा वाढत होती. निरोप आला तशी ती कंबरेचा ॲप्रन न सोडता गाडीत बसली. ॲम्ब्युलन्स अर्वेलाला घेऊन थेट शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेली होती, अडीच तासांवर. एवढ्या वाटेत माणूस देवाचं नाव घेतं, जुनं काही आठवतं, रडतं. ग्लेनानं यातलं काही केलं नाही. तिच्या मनात एकच धोशा होता: गोळ्यांमुळे नसू दे. देवा, काहीही असू दे, गोळ्यांमुळे नसू दे.

कसल्या गोळ्या, ते सांगायला तेरा वर्षं मागे जायला हवं.

आमच्या खोऱ्यात अंगानं भरलेल्या बायका काही कमी नाहीत. कोळशाच्या खाणी बंद पडल्या, पण जेवणं मात्र खाणीतल्या गड्यांचीच राहिली. या दोघींची आई साखरेच्या आजारानं अठ्ठावन्नाव्या वर्षी गेली, जाण्याआधी एक पाय घालवून. ग्लेनाचं वजन तीनशे पौंडांच्या वर गेलं तेव्हा तिनं धीर केला आणि शहरात जाऊन वजन उतरवायची शस्त्रक्रिया करून घेतली. पोटाचा अंड्याएवढा कप्पा तेवढा वापरात ठेवायचा आणि बाकीच्याला वळसा घालून आतडं जोडायचं, अशी ती शस्त्रक्रिया. दीड वर्षात ती निम्मी झाली. बाजारात ओळखीची माणसं न ओळखता पुढे जायला लागली, आणि ग्लेना त्यांना मागून हाक मारून खुदकन हसायची.

मग ती अर्वेलाच्या मागे लागली. अर्वेला म्हणे, "मला नको ती कापाकापी. देवानं दिलंय ते पोट बरं आहे." ग्लेना म्हणे, "देवानं एवढं नव्हतं दिलं, ताई. अर्धं तू कमावलंयस." बरेच महिने हे चाललं. शेवटी अर्वेला म्हणाली, "करते बाई, करते. पण ते पथ्य, त्या गोळ्या, त्यांच्या वेळा, हे माझ्या डोक्यात राहायचं नाही. ते सगळं तुझ्याकडे."

"माझ्याकडे," ग्लेना म्हणाली.

शस्त्रक्रिया छान झाली. घरी आल्यावर घोडं अडलं ते कॅल्शियमपाशी. पोट वळवलं की जेवणातलं कॅल्शियम पुरेसं अंगी लागत नाही. ते जन्मभर वरून घ्यावं लागतं, दिवसातून तीनदा, थोडं थोडं, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. इस्पितळानं लिहून दिलेली गोळी कॅल्शियम सिट्रेटची, बोटाच्या पेराएवढी. अर्वेलाच्या घशात ती अडकायची. ठसका, ओकारी, डोळ्यांतून घळघळा पाणी. "ही माणसाची नव्हे गं, घोड्याची गोळी आहे!" अशात एके दिवशी ग्लेनाला दुकानात छातीतल्या जळजळीवरच्या चघळायच्या गोळ्या दिसल्या. गोड, रंगीत, खडूसारख्या. बाटलीच्या पाठीवर ठळक लिहिलेलं: कॅल्शियम. ग्लेनाचा जन्म स्वयंपाकात गेलेला. मीठ कोणत्याही पुड्यातलं असो, खारटच लागणार, असा तिचा विचार. कॅल्शियम म्हणजे कॅल्शियम! अर्वेलानं दोन चघळल्या, संत्र्याची चव लागली, आणि तिनं बहिणीला मिठीच मारली.

झालं, ग्लेना मोठी झाली. हीच शस्त्रक्रिया करून आलेल्या खोऱ्यातल्या आठ जणी, या दोघी धरून, दर गुरुवारी दुपारी चर्चच्या तळघरात जमायला लागल्या. शहर लांब, दर वेळी तिथे तपासणीला जायचं म्हणजे दिवस मोडतो. त्यामुळे ग्लेना म्हणेल ती पूर्व. आमच्याकडे चार बायका जमल्या आणि खायला काही नाही, असं कधी होत नाही. पण या खाणार काय? म्हणून ग्लेनानं, घरी रोज घ्यायच्या त्याच गोळ्यांची बरणी फिरवायची पद्धत पाडली. प्रत्येकीच्या तळहातावर दोन, बरोबर बिनसाखरेची कॉफी, आणि सगळ्या मिळून कडाकडा चघळायच्या. पाद्री ओटिसबाबा जिन्यातून डोकावून म्हणायचे, "माझ्या प्रवचनाला एवढ्या वेळेवर येत जा की!" वर्षातून एकदा गावच्या दवाखान्यात रक्त तपासायचं. कागदावर कॅल्शियमच्या पुढे दर वेळी 'ठीक' असायचं. ते कागद ग्लेना तळघराच्या भिंतीला टाचून ठेवायची. हातच्या काकणाला आरसा कशाला?

इथपर्यंतची चूक कुणाचीही झाली असती. तिच्याबद्दल मी ग्लेनाला एक शब्द बोलणार नाही. बोलायचं ते पुढचं.

दोन वर्षांपूर्वी ग्लेना एकटीच शहरात तपासणीला गेली. तिथली आहारतज्ज्ञ मिस प्रुएट, तिशीतली, बोलायला तिखट. तिनं विचारलं, "कॅल्शियम कोणतं घेता?" ग्लेनानं पर्समधून बाटली काढून ऐटीत टेबलावर ठेवली.

मिस प्रुएटनं बाटली वाचली आणि डोक्याला हात लावला. "अहो, हे कार्बोनेट, सिट्रेट नव्हे. ते विरघळायला पोटात आम्ल लागतं. तुमच्या एवढ्याशा पोटात आम्ल उरलंय कुठे? आणि वर कॉफी पिता? लोहाची गोळी?"

"तीही तेव्हाच. एकदाच सगळं उरकतं," ग्लेना पुटपुटली. "पण रक्तात तर दर वर्षी ठीक येतं."

"येणारच. शरीर रक्ताला कमी पडू देत नाही. खाण्यातून मिळालं नाही तर हाडांतून काढतं. तुम्ही रक्ताचा कागद बघत बसलात, आणि इकडे हाडं पोकळ झाली."

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे पोहरा दर वर्षी काठोकाठ भरून येत होता आणि आड तळाला लागला होता. ग्लेनाच्या हाडांचे फोटो काढले. तीही विरळ व्हायला लागली होती. मिस प्रुएटनं योग्य गोळीचं नाव लिहून दिलं. ती आता चघळायचीही मिळत होती. ग्लेनानं त्याच दिवशी घेतली.

आणि त्याच गुरुवारी तिनं सांगायला हवं होतं. "बायांनो, चुकले मी," एवढंच. कुणी तिला खाल्लं असतं का? पण त्या गुरुवारी ट्वायलाच्या नातीच्या लग्नाच्या गप्पा रंगल्या होत्या. पुढच्या गुरुवारी ओढ्याला पूर आला. त्याच्या पुढच्या गुरुवारी एक जण सगळ्यांदेखत म्हणाली, "ग्लेना नसती तर आपलं काय झालं असतं!" आणि टाळ्या पडल्या. टाळ्यांनंतर कसं सांगायचं? महिना गेल्यावर 'काल कळलं' म्हणता येत नाही, आणि वर्ष गेल्यावर तर तोंडच उरत नाही. ग्लेना घरी आपली सिट्रेटची गोळी घ्यायची. गुरुवारी बायकांच्या देखत तो खडूही चघळायची. आणि शेजारी बसलेल्या अर्वेलाच्या तळहातावर दोन ठेवायची. एकाही गुरुवारी तिचा हात थांबला नाही.

अर्वेलाच्या खुब्यात सळई बसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मिस प्रुएट वही घेऊन खोलीत आली. ग्लेना खिडकीपाशी बसली होती. तिला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

"कॅल्शियम घेत होता का?" मिस प्रुएटनं अर्वेलाला विचारलं.

"घेत होता का म्हणजे? एक दिवस चुकले नाही!" अर्वेला उशीवरून मान उचलून म्हणाली. "ही माझी बहीण बघा, जेलर आहे जेलर. दहा वर्षं झाली, हिनं मला एक खाडा करू दिला नाही. तुम्ही इथे सगळ्या पेशंटांना अशी एकेक बहीण वाटा, निम्मं इस्पितळ रिकामं होईल."

"कोणत्या गोळ्या?"

"त्या नारिंगी. गोड असतात."

मिस प्रुएटनं पेन थांबवलं. मग हळूच मान वळवून तिनं ग्लेनाकडे पाहिलं. तिला आठवायला वेळ लागला नाही. ग्लेनानं डोळे खाली घातले.

मिस प्रुएटनं अर्वेलाला सगळं समजावून सांगितलं, गोळी चुकीची होती, नवी देऊ, ड जीवनसत्त्वही देऊ. ग्लेनाचं नाव तिनं काढलं नाही. अर्वेला म्हणाली, "बरं बाई, गोळी चुकली. आम्हा अडाणी बायांना काय कळतंय? हिलाही काय कळणार?"

व्हरांड्यात मात्र त्या पोरीनं ग्लेनाला गाठलं. "मी तुम्हाला लिहून दिलं होतं."

"हो."

"दोन वर्षं झाली त्याला."

"हो."

"त्यांच्या पाठीचे दोन मणके आधीच दबलेत. दुसरा खुबाही तसाच आहे. आता कितीही गोळ्या दिल्या तरी गेलेलं सगळं परत येत नाही. घराच्या एकोणीस पायऱ्या चढून त्यांना तिथे एकटं राहता येणार नाही. शनिवारी त्यांना वृद्धांच्या शुश्रूषागृहात हलवतील. माहीत आहे ना?" तिचा आवाज तापला होता. "अजून कोण घेतं त्या गोळ्या?"

"सहा जणी."

"मग तुम्ही इथे माझ्यासमोर का उभ्या आहात?"

ग्लेना आत गेली ती सांगायचं ठरवूनच. आधी बहिणीला सांगावं, मग जगाला, एवढं तिला कळत होतं. अर्वेलानं तिला पाहिलं आणि विचारलं, "काय म्हणत होती ती चश्मिष्ट? तुझ्यावर डाफरली का? तिला बोलाव, मी सांगते. तू नसतीस तर मी दहा वर्षांपूर्वीच आईच्या शेजारी मातीत गेले असते." आणि तिनं ग्लेनाचा हात धरला. त्या हाताला धरून ग्लेना अर्धा तास बसली. मग न सांगताच घरी निघाली.

गुरुवारी दुपारी ती चर्चच्या तळघरात उभी होती. सहा जणी अर्वेलासाठी कार्डं आणि डबे घेऊन आल्या होत्या. ट्वायला खुर्चीवर बसताना कमरेला हात लावून "आई गं" म्हणाली. गेलं वर्षभर ती असंच म्हणत होती.

"ऐका," ग्लेना म्हणाली. "त्या बरणीतल्या गोळ्या आपल्या कामाच्या नाहीत. कधीच नव्हत्या. आपल्या पोटात त्या विरघळतच नाहीत. अर्वेलाची हाडं त्यानंच गेली. तुम्ही सगळ्यांनी शहरात जाऊन हाडांचे फोटो काढा, आणि हे नाव लिहून घ्या."

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं.

"अगंबाई," एक जण म्हणाली, "मग बिचारी अर्वेला... आणि तुला तरी काय ठाऊक होतं गं, ग्लेना!"

इथे तिला सुटका होती. मान हलवली असती तरी भागलं असतं. बायका उठून तिच्या गळ्यात पडल्या असत्या. ग्लेनाच्या मनात ते आलं, अगदी स्पष्ट आलं.

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "दोन वर्षांपासून."

ट्वायला उठली. तिला उठायला वेळ लागला. "माझी पाठ वर्षभर दुखतेय. मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, वय झालं आता ट्वायला, शेकत जा."

"म्हणाले."

"आणि तू स्वतः काय घेत होतीस?"

"बरोबर गोळी."

ट्वायलानं पर्समधून पेन्सिल काढली, गोळीचं नाव उतरवून घेतलं, अक्षर अन् अक्षर विचारून. बाकीच्यांनी तिच्या कागदावरून उतरवलं, आणि ट्वायला सगळ्यांच्या आधी निघून गेली. मग एक जण दारातून वळून म्हणाली, "अर्वेलाला सांगितलंस?"

"अजून नाही."

"आम्हाला आधी?" ती बाई म्हणाली, आणि जिना चढून गेली. शिव्या कुणी दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डबे तसेच टेबलावर राहिले आणि ते गाडीत भरताना ग्लेना एकटी रडली.

शुक्रवारी सकाळी ती इस्पितळात पोचली तेव्हा अर्वेला उठून बसली होती. केस विंचरलेले, चष्मा लावलेला.

"ट्वायलाचा फोन आला होता काल," अर्वेला म्हणाली.

ग्लेना दारातच थांबली.

"ये, बस. म्हणाली, तुला ठाऊक असेलच म्हणून बोलते. मी म्हटलं, हो तर, ग्लेनानं मला कालच सांगितलं. सगळ्यात आधी मला सांगितलं." अर्वेलानं चष्मा काढून चादरीवर ठेवला. "तुझी अब्रू राखली. सवय आहे मला. लहानपणापासूनची."

"ताई, मी परवा सांगणार होते..."

"थांब. दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"तुझी गोळी वेगळी?"

"हो."

"आणि माझ्या शेजारी बसून माझ्या हातावर ती ठेवायचीस."

ग्लेनानं मान हलवली. अर्वेलानं खिडकीबाहेरच्या गाड्यांकडे नजर वळवली. "पहिली आठ वर्षं मी काही म्हणत नाही," ती म्हणाली. "तुझी चूक झाली. मला त्या घोड्याच्या गोळीपासून वाचवायला गेलीस, माझ्या मायेपोटी. ती चूक मी हसून सांगितली असती लोकांना. पण ही दोन वर्षं, ग्लेना. दोन वर्षांत गुरुवार किती होतात गं?"

"रागाव माझ्यावर," ग्लेना म्हणाली. "तोंड काळं कर म्हण. दोन थोबाडीत दे. काहीतरी कर, ताई. असं शांत बोलू नकोस."

"रागावू?" अर्वेलानं तिच्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, पण आवाज अगदी साधा, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "माझा एक मुलगा, तो मिशिगनला, नाताळला फोन करणारा. नवरा गेला. उद्या मला त्या शुश्रूषागृहात कोण नेणार? घरून माझे कपडे कोण आणणार? मी तिथे रविवारी दाराकडे बघत बसले, तर दारातून येणार कोण? तूच ना? आज तुला हाकलून दिलं तर परवा कुणाची वाट बघू मी? रागवायची सोय तरी ठेवलीस का मला?"

ग्लेनानं अर्वेलाच्या पायांवर डोकं टेकलं, मग मोडलेला खुबा आठवून घाईघाईनं उचललं.

"रडू नकोस. नर्स येईल," अर्वेला म्हणाली. "उशी जरा वर घे. पाठीला कळ लागलीय."

ग्लेनानं डोळे पुसले, एक हात तिच्या पाठीखाली घातला, आणि कुठे जोर लागू नये म्हणून श्वास धरून उशी वर घेतली.